पाय, फरशी आणि मधलं साबणाचं पाणी

छत्रपती संभाजीनगरात घरी बाथटब असलेली कुटुंबं मोजकीच. अजिंठा-वेरूळ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या मोठ्या हॉटेलांत टब दिसतात. बाकी सगळं शहर बादली आणि मगावर आंघोळ करतं. तरीही टबात पाय घसरू नये म्हणून गेल्या पन्नास वर्षांत जगात जे संशोधन झालं, ते इथल्या प्रत्येक घराच्या कामाचं आहे. अनवाणी पाय, साबण, पाणी आणि गुळगुळीत तळ एकत्र आले की नेमकं काय होतं, हे बारकाईने मोजलं गेलं ते मुख्यतः टब आणि पोहण्याचे तलाव यांच्या निमित्ताने. आपल्या न्हाणीत याच चार गोष्टी रोज सकाळी एकत्र येतात.

अमेरिकेत १९७२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी सरकारी आयोग नेमला गेला. घरात माणसं कशाकशाने जखमी होतात याची नोंद पद्धतशीरपणे होऊ लागली आणि टबात घसरून पडणाऱ्यांचा प्रश्न अभियंत्यांच्या टेबलावर आला. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रॉबर्ट ब्रुनग्रेबर यांनी घसरण मोजणारं एक यंत्र विकसित केलं. टबासाठी चाचणी घेताना यंत्राच्या टोकाला, माणसाच्या तळपायाला पर्याय म्हणून, सिलिकोन रबराचा तुकडा लावायचा. टबाच्या तळावर साबणाचं पाणी सोडायचं. मग तो तुकडा किती जोर दिल्यावर निसटतो ते पाहायचं. या पद्धतीवर आधारलेलं एएसटीएम या संस्थेचं एफ ४६२ हे मानक १९७९ मध्ये आलं. टबाचा घर्षणांक किमान ०.०४ असला पाहिजे, अशी अट त्यात होती.

घर्षणांक म्हणजे काय, हे वजनाच्या भाषेत सांगितलं की चटकन कळतं. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा आहे. घर्षणांक ०.०४ असेल, तर त्याचा पाय बाजूला सरकायला अडीच किलोपेक्षाही कमी वजनाइतका जोर पुरतो. सपाट जमिनीवर साधं चालताना टाच टेकते त्या क्षणी पायाला साधारण ०.२ इतक्या घर्षणाची गरज असते, म्हणजे याच माणसाच्या बाबतीत बारा किलोंच्या आसपास. यंत्र, रबर आणि द्रव बदलला की आकडाही बदलतो, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून थेट हिशेब मांडणं बरोबर होणार नाही. पण ती अट फार सैल होती, हे मात्र या क्षेत्रातल्या अनेकांनी बोलून दाखवलं. टब त्या चाचणीत पास होत आणि माणसं त्याच टबात पडत राहत. पुढे ते विशिष्ट यंत्रही जुनं होत गेलं आणि २०१६ मध्ये मानक मागे घेतलं गेलं.

दरम्यान पडणाऱ्यांची संख्या छोटी नव्हती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००८ या वर्षाची पाहणी प्रसिद्ध केली. त्या एका वर्षात, पंधरा वर्षं आणि त्यावरच्या सुमारे २ लाख ३४ हजार लोकांवर बाथरूममधल्या इजांसाठी तातडीच्या विभागात उपचार झाले. त्यातले ८१ टक्के पडून जखमी झालेले होते, आणि वय वाढत गेलं तसं इजेचं प्रमाणही वाढत गेलेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. म्हणजे आपल्यासारख्या देशांत.

मरण बहुतेक वेळा पडल्या पडल्या येत नाही. म्हाताऱ्या माणसाची हाडं ठिसूळ झालेली असतात. बाथरूममध्ये कुशीवर पडलं की खुब्याचं हाड मोडतं. मग शस्त्रक्रिया, आणि ती लांबली किंवा झालीच नाही तर अंथरूण. अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी धरतात. काल स्वतःच्या पायांनी आंघोळीला गेलेली आजी महिन्याभरात जाते, आणि घरात सांगितलं जातं की पडायचं निमित्त झालं. हे निमित्त टाळता येण्यासारखं असतं, म्हणूनच हा विषय मला फार जवळचा वाटतो.

ओल्या फरशीवर पाय का घसरतो? पाय टेकतो तेव्हा तळपाय आणि फरशी यांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर सापडतो. सेकंदाच्या छोट्याशा भागात ते पाणी बाजूला जायला हवं. जायला वाट मिळाली नाही, तर शरीराचं वजन क्षणभर फरशीवर पडतच नाही, पाण्याच्या थरावर तोललं जातं, आणि पाण्याला आडवा विरोध करता येत नाही. फरशीवर बारीक उंचवटे असतील तर ते हा थर फोडून तळपायाला भिडतात आणि त्यांच्या मधल्या खाचांतून पाणी निसटतं. हे उंचवटे डोळ्यांना दिसावे लागत नाहीत. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने साध्या पाण्यासाठी दिलेली मोजमापं मायक्रॉनमध्ये आहेत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात: खडबडीतपणा १० मायक्रॉनपेक्षा कमी असेल तर घसरण्याचा धोका मोठा, १० ते २० मध्ये मध्यम, २० च्या वर कमी. साबणाचं पाणी आणि तेल पाण्याहून दाट असल्यामुळे त्यांच्यासाठी यापेक्षा बराच जास्त खडबडीतपणा लागतो.

आपल्याकडे हे ज्ञान पाथरवटांच्या हातात होतंच. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण नुसतं सरकत राहतं, म्हणून त्याला टाकी लावून घेतात. न्हाणीच्या दगडाचंही तसंच. शहरातल्या जुन्या वाड्यांच्या न्हाणीत टाकीचे घाव असलेला काळा दगड असे, नाहीतर हाताने काढलेली, पॉलिश न केलेली शहाबादी फरशी. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत ते आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे मराठवाड्याच्या घरांना ही फरशी घरचीच. पुढे पॉलिश केलेला कोटा आला, मग चकचकीत टाइल्स आल्या. आज देशातल्या बहुतांश टाइल्स गुजरातच्या मोरबीत बनतात आणि डिझाइन, चकाकी, रंग यांवर विकल्या जातात. जुनं ते सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. काळ्या दगडाच्या न्हाणीत शेवाळ धरायचं आणि शेवाळावर कुठलीही टाकी टिकत नाही. पण फरशी निवडताना पायाची पकड हा विचार आधी होता, तो मध्येच कुठेतरी गळून गेला.

या शहराच्या बाथरूमची घसरण आणखी काही गोष्टींनी वाढते, आणि त्या परदेशी मानकांत सापडत नाहीत.

पहिली गोष्ट पाण्याची. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे बाथरूममध्ये ड्रम, पिंप, टाकी, बादल्या यांची रांग असते. आंघोळीला उभं राहायला उरते ती दोन-अडीच फुटांची जागा, आणि तिथेच धुणंही होतं. म्हणजे साबणात डिटर्जंटची भर. ड्रममधून बादली भरून उचलायची, तर माणूस वाकतो, वळतो आणि अंगावर पंधरा-वीस किलोंचं ओझं घेऊन सरळ होतो. घर्षणाची गरज वाढते ती नेमकी अशा हालचालीत. तोंडाला साबण लावून डोळे मिटून मग चाचपडणं हे त्यावर आणखी.

दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. नळाच्या पाण्याला जोड म्हणून शहरात बोअर सर्रास आहेत. हा सगळा भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा. त्यातून पाझरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, म्हणूनच त्याला आपण जड पाणी म्हणतो आणि गिझरच्या कॉइलवर त्याचा थर बसतो. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण साबणाचा बराचसा भाग कॅल्शियमशी जुळून मेणासारखा, पाण्यात न विरघळणारा साका बनतो. तो फरशीवर बसतो. आठवडाभर घासली नाही की फरशीवर जो पांढरट, बोटाला चिकट लागणारा पापुद्रा दिसतो, तो हाच. टाइलवरचे ते मायक्रॉनभराचे उंचवटे तो बुजवून टाकतो. दुकानातून आणली त्या दिवशी पकड देणारी टाइल दोन वर्षांनी गुळगुळीत का वाटते, याचं एक मोठं कारण या पापुद्र्यात आहे.

तो काढायला बहुतेक घरांत ॲसिड ओततात. हायड्रोक्लोरिक ॲसिडने क्षार निघतात हे खरं, पण टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही ते खातं. शहाबादी किंवा कोटा फरशी हा मुळात चुनखडीचा दगड, त्यावर ॲसिड पडलं की फसफसून दगडच विरघळतो आणि खड्ड्यांत पुढच्या वेळी साका जास्त बसतो. शिवाय एक धोक्याची गोष्ट इथेच सांगायला हवी: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

तिसरी गोष्ट तेल. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग सगळ्यांना आठवेल, पण तेल वर्षभर असतं. गुडघे दुखणारी माणसं आंघोळीआधी तेल चोळतात. बाळंतिणीच्या घरी तर रोजच. बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसते, पाय लांब सोडते, नडग्यांवर बाळाला पालथं घेते. तिचे हात तेलकट, बाळ तेलकट, वरून गरम पाणी आणि बेसन-दुधाचा लेप, आणि ते सगळं वाहत जातं तिच्याच पावलांखालून. अनुभवी बाया बसल्या जागेवरून बाळ आधी आईच्या हातातल्या पंच्यात देतात आणि मगच उठतात. बाळ घेऊन उठायचं नाही हा त्यांचा नियम आहे, आणि घर्षणशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे.

आता चाचण्यांकडे येऊ. टबाचं मानक फसलं, पण इतर देशांनी अनवाणी पायासाठी वेगळ्या वाटा काढल्या. जर्मनीची पद्धत मला सर्वात प्रामाणिक वाटते, कारण तिथे यंत्राऐवजी माणूस चालतो. डीआयएन ५१०९७ या मानकातून आलेल्या चाचणीत टाइल्स बसवलेला एक उतार असतो. त्यावर साबणाचं पाणी वाहत ठेवतात. चाचणी देणारा भिजवलेल्या अनवाणी पायांनी, सुरक्षेचा पट्टा बांधून, त्यावर पुढे-मागे चालतो आणि उतार हळूहळू चढवत नेतात. पाय घसरायला लागतो तो कोन नोंदतात. १२ अंश पार केले तर वर्ग ए, १८ पार केले तर बी, २४ पार केले तर सी. ए म्हणजे मुख्यतः कोरड्या राहणाऱ्या अनवाणी वावराच्या जागा, उदाहरणार्थ कपडे बदलायच्या खोल्या. शॉवर आणि तलावाच्या कडेसाठी बी लागतो. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, उतार यांसाठी सी.

याच उतारावर दुसरी एक चाचणी होते, डीआयएन ५११३० या मानकातून आलेली. त्यात बूट घालतात आणि उतारावर तेल टाकतात. तिचे वर्ग आर ९ ते आर १३. टाइलच्या माहितीपत्रकात आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा हाच आर, आणि इथे गिऱ्हाईक फसतं. आर ९ ऐकलं की दहापैकी नऊ गुण वाटतात. प्रत्यक्षात आर ९ हा सर्वात खालचा वर्ग आहे, ६ अंशांपासून १० अंशांपर्यंतचा. शिवाय तो कारखान्यातल्या बुटांसाठी आहे. अनवाणी पायाचं तो काही सांगत नाही.

ब्रिटनमध्ये लंबक वापरतात. मूळ कल्पना अमेरिकेतली, पण ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ती रस्त्यांची पकड मोजण्यासाठी सुधारली. टोकाला रबर लावलेला हात वरून सोडतात, तो ओल्या फरशीला घासून पलीकडे जातो. जितका कमी वर चढेल तितकी फरशीची पकड जास्त. २४ पर्यंत आकडा आला तर धोका मोठा, २५ ते ३५ मध्यम, ३६ आणि पुढे कमी. अनवाणी जागांसाठी मऊ रबर वेगळं असतं. या यंत्राचा मोठा फायदा म्हणजे ते उचलून नेता येतं. प्रयोगशाळेतल्या नव्या टाइलसोबत दहा वर्षं वापरलेल्या बाथरूमचीही चाचणी त्याने घेता येते.

शहरातल्या टाइल्सच्या दुकानात उभं राहिलं की शब्द ऐकू येतात ते वेगळे. ग्लॉसी, मॅट, शुगर फिनिश, रस्टिक, पंच, अँटी-स्किड. ‘मॅट घ्या, घसरत नाही’ हे वाक्य दुकानदार मनापासून सांगतो, कारण त्यालाही कंपनीने तेवढंच सांगितलेलं असतं. मॅट म्हणजे चमक नसलेली. चमक नसणं आणि पकड असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कित्येक मॅट टाइल्स साबणाच्या पाण्यात सपशेल घसरतात. अँटी-स्किड हा शब्द डब्यावर छापला असेल, तर कोणत्या चाचणीत, कशाने ओली करून, अनवाणी की बुटाने, आणि आकडा किती, हे चार प्रश्न विचारायलाच हवेत.

भारतीय मानक ब्युरोची टाइल्ससाठी मानकं आहेत. दाबून बनवलेल्या सिरॅमिक टाइल्ससाठी आयएस १५६२२, चाचण्यांसाठी आयएस १३६३० ची मालिका. टबांसाठीही आहेत: एनॅमल चढवलेल्या पोलादी टबासाठी आयएस ३४८९ आणि फायबरच्या टबासाठी आयएस ६४११. माणसाच्या वावरासाठी इमारती कशा असाव्यात हे सांगणारी केंद्र सरकारची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, आणि त्यांत न घसरणाऱ्या फरशीचा आग्रह आहे. म्हणजे कागद आहे. माझं म्हणणं चाचणीतल्या द्रवाबद्दल आहे. घसरण हा एकट्या टाइलचा गुण नसतो, ती पाय, टाइल आणि त्यांच्या मधला द्रव या तिघांची मिळून ठरते. जर्मन उतारावर वाहणारं साबणाचं पाणी आपल्या न्हाणीतल्या द्रवाच्या जवळ जातं, पण तेच ते नव्हे. आपल्याकडे जड पाणी, साबण, डिटर्जंट आणि खोबरेल किंवा तिळाचं तेल असं मिश्रण पायाखाली असतं. भारतीय चाचणी अनवाणी पायासाठी असावी, तिच्यात हे मिश्रण ठरावीक प्रमाणात असावं, आणि टाइल नवी असताना एकदा व साक्याचे थर चढवून, घासून, ॲसिडने धुऊन झाल्यावर पुन्हा एकदा ती मोजावी. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा, कारण माणूस पडतो तो जुन्या टाइलवर.

हे अवघड नाही. लंबकाचं यंत्र उपलब्ध आहे. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेचं केंद्र अहमदाबादच्या नरोड्यात आहे, म्हणजे टाइल्स जिथे बनतात त्या राज्यातच. आपल्या शहरात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि हाडं जोडणारं घाटी हे सरकारी रुग्णालय आहे. एका बाजूला फरशा मोजणारे विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला खुबा मोडून आलेल्या रुग्णाला ‘नेमकं कुठे, कशावर पडलात, पायात काय होतं, फरशी कोणती’ एवढं विचारून लिहून ठेवणारे डॉक्टर, असं काम एकत्र झालं तर मराठवाड्यापुरती का होईना, खरी माहिती हाती येईल. मानक ब्युरो नव्या मानकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला करतं. तिथे उत्पादकांची पत्रं जातात, तशी ग्राहकांचीही जायला हवीत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते, त्या राज्यात हे काम अशक्य मानू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनाची जबाबदारीही आणली आहे. वस्तू कशी वापरायची याची पुरेशी सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणं हा त्यात दोष धरला जातो. डब्यावरचा एक आकडा उत्पादकालाही सोयीचा ठरेल.

तोवर घरात काय करता येईल? फरशी बदलायची नसेल तर साका बसू देऊ नये. आठवड्यातून एकदा ताठ ब्रशने आणि कोमट पाण्यात थोडा सोडा घालून घासलं तर बरंच निभावतं. तेलाच्या दिवशी आंघोळीनंतर लगेच भांड्याच्या साबणाने फरशी धुऊन काढावी. फरशी बारीक कोरून पकड वाढवणारी रसायनं मिळतात, ती तीव्र असतात, म्हणून जाणकाराकडूनच लावून घ्यावीत, आणि दोन-तीन वर्षांनी परिणाम तपासावा. रबराची मॅट टाकायची तर रोज उचलून वाळवावी. तिच्या खाली जमलेला बुळबुळीत थर उघड्या फरशीपेक्षा वाईट. बसून आंघोळ करायला रुंद पायांचं, टोकांना रबर असलेलं स्टूल घ्यावं. ड्रम शक्य असेल तर बाथरूमच्या बाहेर ठेवावा आणि म्हाताऱ्या माणसाला भरलेली बादली दुसऱ्याने द्यावी.

आणि दांडी. टॉवेल अडकवायच्या सळईला धरून उठायची सवय जवळपास प्रत्येक घरात आहे. ती सळई दोन छोट्या स्क्रूंवर असते आणि माणसाचं वजन पेलण्यासाठी तिची रचनाच नसते. आधाराची दांडी वेगळी मिळते. ती मुठीत नीट बसेल इतकी जाड हवी आणि भिंतीत खोलवर, फास्टनरने बसवलेली हवी. स्टूलजवळ एक, कमोडशेजारी एक आणि दारातून आत पाऊल टाकताना हात जाईल तिथे एक. घराचं काम चालू असेल तर टाइल लावणारा यायच्या आधी गवंड्याला या तीन जागा दाखवून तिथे पोकळ ठोकळ्यांऐवजी भरीव काँक्रीट भरून घ्यावं. हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, आणि टाइल लागल्यावर हे काम करायचं म्हटलं तर भिंत फोडावी लागते.